रेसचे टायर दोन शर्यतींच्या मध्ये कसे सांभाळायचे : ठाणे-नवी मुंबईच्या हवेसाठी

माझा सेमी-स्लिक (अगदी मोजक्या खाचा असलेल्या, मऊ रबराच्या) टायरांचा पहिला सेट मी सोसायटीच्या गच्चीवर ठेवला होता. वर पत्र्याची शेड होती, पाऊस लागत नव्हता, म्हणून मी निर्धास्त. फेब्रुवारीत ठेवले, जुलैत काढले आणि टेम्पोत टाकून चेन्नईला नेले. पहिल्याच लॅपला दुसऱ्या वळणात गाडीचं मागचं अंग पुढे यायला लागलं. टायर झिजलेले नव्हते, खाचा तशाच खोल होत्या. रबर मात्र कडक झालं होतं. नखाने दाबलं तर खूणही उमटत नव्हती. तो सेट ट्रॅकवर मी जेमतेम तीनदा पळवला होता. त्याची वाट लागली ती गच्चीवर.

नव्याने ऑटोक्रॉस किंवा ट्रॅक-डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) सुरू करणारे मित्र हल्ली विचारतात, "टायर ठेवायचे कुठे?" त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाहेरच्या देशांतले सल्ले वाचले तर निम्मी चर्चा बर्फाची असते: गॅरेज गोठू देऊ नका, गोठलेला टायर हलवू नका. सल्ला खरा आहे. रेसचं रबर फार थंड झालं की काचेसारखं ठिसूळ होतं आणि हलवताना तडकतं. पण घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग काय? (एकाने मला तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजबद्दल गंभीरपणे विचारलं होतं. नको. तिथे बटाटे बरे.) आपल्याकडचे शत्रू वेगळे आहेत: ऊन, ओझोन आणि ओल, याच क्रमाने.

आधी टायर बिघडतो कशाने, ते थोडक्यात

रोजच्या गाडीच्या टायरमध्ये मेण आणि ओझोनरोधक रसायनं घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, म्हणून जुन्या टायरची कड तपकिरी दिसते. तो मळ नाही, टायरचं चिलखत आहे. रेसच्या टायरमध्ये हे संरक्षण कमी असतं, कारण त्याला पाच वर्षं टिकायचंच नसतं, चार लॅप चिकटून धावायचं असतं. त्याच्या मऊपणामागे रबरात मिसळलेली तेलं असतात. ती उडून गेली आणि हवेतल्या ऑक्सिजनने रबराचे रेणू एकमेकांना जास्त बांधले गेले, की टायर कडक होतो. रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी काय तापमान असतं ते एकदा हात लावून बघा, म्हणजे माझ्या गच्चीवरच्या सेटचं गणित आपोआप सुटेल.

ओझोनची गोष्ट जरा चमत्कारिक आहे. तो ताणलेल्या रबरावर जास्त हल्ला करतो आणि ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पाडतो. म्हणून ओझोनपासून लांब ठेवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच टायर दबलेला, वाकलेला किंवा फुगलेला न ठेवणंही. वाहनांचा धूर आणि कडक ऊन एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि आपल्या शहरात या दोन्हींची टंचाई नाही. शिवाय विजेच्या ठिणग्या पाडणारी यंत्रंही तो तयार करतात, त्याबद्दल पुढे.

ओलीने रबराचं थेट फारसं नुकसान होत नाही. बिघडतो रिम, बिघडतो व्हॉल्व्ह, आणि कुठे काप गेला असेल तर त्यातून पाणी शिरून आतले पोलादी पट्टे गंजतात.

ट्रॅकवरूनच सुरुवात

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट असो, कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे असो, नाहीतर कुठल्या मैदानात शंकू लावून केलेला ऑटोक्रॉस असो, शेवटची फेरी सावकाश मारा. टायर हळूहळू निवू दे. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) आल्यावर गरम टायरवर बादलीभर पाणी ओतणारे उत्साही कार्यकर्ते असतात, त्यांना हात जोडा.

टायर निवला की त्याच्यावर नजर फिरवा. ट्रॅकवर पडलेले रबराचे गोळे गरम टायरला चिकटून येतात. ते तसेच ठेवले तर खाली खडा आहे, खिळा आहे की काप आहे हे कळत नाही, आणि झीज मोजायची भोकंही बुजतात. हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) आणि पत्र्याची पट्टी घेऊन ते खरवडून काढा. हीट गन एका जागी धरून ठेवायची नाही. फक्त गोळा मऊ होईल एवढंच, रबर उकळेपर्यंत नाही.

मग पांढऱ्या किंवा पिवळ्या मार्करने टायरवर त्याची जागा लिहा: पुढे डावा, मागे उजवा, जे असेल ते. "मला आठवेल" हे वाक्य मी स्वतः तीन वेळा म्हटलंय आणि तिन्ही वेळा आठवलं नाही.

परतीच्या टेम्पोतही टायर मरू शकतात. इथून चेन्नई साधारण तेराशे किलोमीटर. ताडपत्रीखाली दोन दिवस टायर, त्यावर टूलबॉक्स, शेजारी पेट्रोलचा कॅन, असं लोडिंग मी पाहिलं आहे. पेट्रोल, डिझेल, थिनर, ऑइल यांची वाफसुद्धा रबर शोषून घेतं. कॅन टेम्पोच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. पट्टे लावून बांधताना टायरची कंबर आवळली जाईल इतके कसू नका.

धुणं

साधं पाणी, थोडा सौम्य साबण, नायलॉनचा मऊ ब्रश. बास. ब्रेकची काळी धूळ रिमवर असेल तर ती आधी काढा, नाहीतर तीच टायरवर पसरते.

काय लावायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. गॅरेजमध्ये डिझेलचा बोळा फिरवून टायर काळाभोर करण्याची जुनी पद्धत आहे, ती रबराला फुगवते आणि खराब करते. टायर पॉलिश, सिलिकॉनचा स्प्रे, ग्लिसरीन यातलं काहीही रेसच्या टायरवर नको. टायर मऊ करायची रसायनंही विकत मिळतात. बऱ्याच स्पर्धांच्या नियमांत टायरवर रसायन लावायला मनाई असते, आणि नसली तरी ती वाफ तुमच्या फुप्फुसांत जाते. त्या वाटेला जाऊ नका.

वाळवणं, जिथे सगळे घाई करतात

दुसरा सेट मी नीट सांभाळायचा ठरवलं. धुतला, फडक्याने पुसला, काळ्या पिशवीत घातला, टेप मारली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. तो ऑगस्ट होता. ऑक्टोबरात पिशवी उघडली तर आतून पाण्याचे थेंब, रिमच्या कडेला पांढरी भुकटी आणि बॅलन्सच्या वजनाच्या चिकटपट्टीखाली बुरशी. पिशवीने बाहेरची ओल अडवली होती खरी, पण आतली ओल मी स्वतःच कोंडून ठेवली होती.

ऑगस्टमध्ये ठाण्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८०-९० टक्क्यांच्या घरात असते. अशा हवेत टायर "वाळला" म्हणजे फक्त वरून कोरडा दिसतो. खाचांत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, रिम आणि टायरच्या सांध्यात पाणी राहतंच. म्हणून पावसाळ्यात मी असं करतो: पुसून झाल्यावर टायर एक रात्र पंख्याखाली उभे, आणि दुसऱ्या रात्री बेडरूममध्ये, एसी ड्राय मोडवर. आईने पहिल्या वेळी दारात उभं राहून विचारलं, "हे आता इथे झोपणार? मग तू कुठे?" वास येतो हे खरं आहे. एका रात्रीपुरती घरच्यांची मनधरणी करा. वीस-पंचवीस हजारांचे टायर आहेत म्हटल्यावर बहुतेक घरांत परवानगी मिळते, किंवा वेगळंच भांडण सुरू होतं.

एक बारकावा: पिशवी त्याच खोलीत, एसी चालू असतानाच बंद करायची. थंड टायर बाहेरच्या दमट हवेत आणला की त्याच्यावर लगेच दव धरतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसं, आणि मग सगळी मेहनत वाया.

हवेतली ओल मोजणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते घ्या. ५०-५५ टक्क्यांच्या खाली आकडा आला की गुंडाळायला हरकत नाही.

गुंडाळणं

मोठी, जाड, काळी प्लास्टिकची पिशवी. काळीच, कारण प्रकाश अडवायचा आहे. साठ सेंटिमीटर व्यासाच्या आणि वीस सेंटिमीटर रुंदीच्या टायरला ९० बाय ११० सेंटिमीटरची पिशवी व्यवस्थित पुरते. जांभळी नाक्याच्या बाजारात फिरलात तर हवी ती जाडी मिळेल. पातळ पिशवी मिळाली तर दोन वापरा. नाहीच मिळाली तर पावसाळ्यात खिडकीला लावतात तो जाड काळा प्लास्टिकचा कागद घेऊन पाकीट करा.

टायर आत घालून व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीने हवा ओढून घ्या आणि तोंड पिळून पॅकिंगच्या टेपने बंद करा. हवा काढायची ती दोन कारणांनी: आत ऑक्सिजन आणि ओझोन कमी राहतो, आणि रबरातली तेलं उडून जायला जागा राहत नाही. प्रत्येक पिशवीत सिलिका जेलची शंभर ग्रॅमची पुडी ठेवतो, पण ती टायरला चिकटून नाही, रिमच्या पोकळीत. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी ओल पिऊन भरली. ती पुन्हा तापवून वापरता येते, पण स्वयंपाकघरातल्या कढईत नाही. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं संयुग असतं.

डांबरगोळ्या मात्र पिशवीत टाकू नका. झुरळं येतील या भीतीने एका मित्राने टाकल्या होत्या. त्यांची वाफ रबर पितं.

जागा : खरी अडचण इथे आहे

सल्ला देणाऱ्या कंपन्या म्हणतात, थंड, कोरडी, अंधारी खोली बघा, पंचवीस अंशांच्या आत. वाचून हसू येतं. आपल्याकडे अशी खोली म्हणजे बहुधा ज्यात आपण स्वतः झोपतो ती. म्हणून जागा निवडताना उत्तम शोधू नका, वाईट जागा एकेक करून बाद करा.

गच्ची आणि पत्र्याची शेड बाद, ते सांगून झालं. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमधला स्वयंपाकघराचा पोटमाळाही बाद, कारण वरचा स्लॅब तापतो आणि खालून फोडणीची वाफ येते. पश्चिमेची बाल्कनी बाद.

स्टिल्ट पार्किंग मोहात पाडतं. सावली असते, तुलनेने थंड असतं. पण तिथे दोन भांडणं आहेत. सोसायटीला टायरांचा ढीग म्हणजे आगीचा धोका वाटतो, आणि ते चूक नाहीत. टायर एकदा पेटला की विझवणं कठीण. दुसरं, पावसाळ्यात उघड्या टायरात साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांचं माहेरघर. पालिकेची माणसं पाहणीला आली की कुंड्यांनंतर टायरच बघतात. पिशवीत बंद टायर असतील तर पाणी साचत नाही, पण ते समजावून सांगायला तुम्ही घरी असायला हवं.

बरेच जण शेवटी गाळा शेअर करतात. आम्ही तिघांनी रबाळे एमआयडीसीत एक गाळा घेतला आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, पावणे, महापे-तुर्भ्याकडे किंवा वागळे इस्टेटमध्ये अशी सोय बघता येते. पण गाळा बघायला जाताना भाड्याच्या आधी शेजार बघा. आमच्या शेजारी वेल्डिंगचं काम चालायचं. वेल्डिंग, ग्राइंडर, ब्रशवाल्या विजेच्या मोटारी, जिथे विजेची ठिणगी पडते तिथे ओझोन तयार होतो. विजा कडाडून गेल्यावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात कधी कधी येतो तो तिखटसर वास गाळ्यात येत असेल तर टायर त्या भिंतीला लावू नका. आम्ही रॅक उलट बाजूला हलवला. वेल्डिंगवाल्या काकांना कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वीस वर्षं मी हा वास घेतोय, मला कोणी पिशवीत घालत नाही."

हॉटेलच्या खोल्यांचा वास घालवायला किंवा भाज्या धुवायला ओझोन सोडणारी यंत्रं मिळतात. टायरांच्या खोलीत ती कधीही लावू नका. नाव "एअर प्युरिफायर" असलं तरी डबा वाचा.

तळमजल्याचा गाळा असेल तर रॅकचा सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून किमान दीड फूट वर ठेवा. २६ जुलै २००५ ज्यांनी कळव्यात किंवा ठाण्याच्या सखल भागात काढली त्यांना हे सांगावं लागत नाही. भिंतीपासूनही एक वीत अंतर सोडा, कारण पावसाळ्यात भिंती पाझरतात. आणि उंदीर. पिशवी कुरतडली की बाकी सगळं व्यर्थ, म्हणून दर पंधरवड्याला एक चक्कर मारा.

आणि हे सगळं जमत नसेल तर? बेडरूममधल्या बॉक्स-बेडखाली. मी गंभीरपणे सांगतोय. १३-१४ इंची रिमचे अरुंद टायर आडवे करून बऱ्याच बॉक्स-बेडमध्ये बसतात. अंधार आहे, रात्री एसी आहे, उंदीर नाहीत. ठाण्यात याहून चांगली जागा मला अजून सापडलेली नाही.

उभे की आडवे

रिमवर बसवलेले असतील तर आडवे, एकावर एक, चारपेक्षा जास्त नको. हवा मी साधारण १५ पीएसआयपर्यंत उतरवतो. पूर्ण नाही, कारण कड रिमवरून सुटू शकते. आणि भरलेलीही नाही, कारण ताणलेल्या रबरावर ओझोनचं काय प्रेम असतं ते वर सांगितलंय. तुमच्या टायरच्या कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा.

रिमशिवाय असतील तर उभे, आणि महिन्यातून एकदा थोडे फिरवायचे, म्हणजे एकाच जागी वजन पडत नाही. हुकाला टांगायचे नाहीत.

गाडी रेसच्या टायरांवर उभी ठेवू नका. जुने रस्त्याचे टायर चढवा किंवा जॅक स्टँड लावा. दोन महिने एका जागी उभ्या गाडीचे टायर खाली चपटे होतात आणि मग स्टिअरिंग थरथरतं.

वही

चाळीस पानी वही पुरते. प्रत्येक टायरच्या कडेवर चार आकडी कोड असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. काही स्लिकवर (खाचाच नसलेल्या रेसच्या टायरवर) हा कोड नसतो, त्यांच्या बाबतीत खरेदीची तारीख लिहा. पुढे प्रत्येक वेळी टायर किती वेळा पूर्ण तापून निवला ते. रबर दर वेळी तापून थंड होताना थोडं कडक होतं, त्यामुळे लॅप किती मारले यापेक्षा ही संख्या जास्त सांगून जाते. नवा टायर पहिल्या वेळी हळूहळू तापवून निदान एक दिवस आराम दिला तर पुढे जास्त टिकतो, म्हणून त्या पहिल्या दिवसाची नोंद वेगळी करा.

जमलं तर कडकपणा मोजणारा शोअर-ए ड्युरोमीटर घ्या. आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा, आणि तो नेहमी एकाच तापमानाला मोजायचा. दुपारी गाळ्यात मोजलेला आकडा आणि सकाळी एसीत मोजलेला आकडा यांची तुलना करू नका. पिशवीत घालताना एकदा, काढताना एकदा. त्यात चार-पाच अंकांची वाढ दिसली तर जागा बदला.

पावसाचे टायर असतील तर त्यांची नोंद जास्त काटेकोर ठेवा. ते सगळ्यात मऊ आणि सगळ्यात कमी वापरलेले. वर्ष-दीड वर्ष पिशवीत पडून राहतात आणि ज्या दिवशी खरोखर पाऊस येतो त्या दिवशी कळतं की ते कधीच संपले होते.

परत काढताना

शर्यतीला निघायच्या आदल्या दिवशी पिशवी उघडा, सकाळी घाईत नको. कडेचा भाग अंगठ्याने थोडा वाकवून उजेडात बघा. बारीक भेगांचं जाळं दिसलं तर तो टायर सरावालाही वापरू नका. बॅलन्सची वजनं जागेवर आहेत का बघा, व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघा. हवा भरताना पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर टाकीतलं पाणी काढून टाकतो का विचारा. पावसाळ्यात ती टाकी अर्धी पाण्याने भरलेली असते. ते पाणी टायरात गेलं की गरम झाल्यावर वाफ होते आणि प्रेशर अंदाजापेक्षा जास्त चढतं. कोरड्या हवेत हिशोब सोपा असतो: १० अंश तापमान वाढलं की साधारण दीड पीएसआय. ओल्या हवेत तो बिघडतो. नायट्रोजन भरायचा तो याच कारणासाठी, त्यात दुसरी जादू नाही. आमच्या नाक्यावरच्या भाऊंनी मला एकदा टाकीचा खालचा नळ उघडून दाखवला होता. मग त्यांनीच बादली आणली.